डोंगर कोणाच्या नावावर

२००३ साल. मी बावन्न वर्षांचा, गुडघे मात्र सत्तरीचे. ओमानात निजव्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे शटरिंगच्या सुतारांचा फोरमन होतो. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या कामात बोट घालायची कुणाची टाप नव्हती.

गुरुवारी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. घरामागचा डोंगर मुंबईच्या पार्टीला हॉटेलसाठी हवा होता.

"दादा, कागदार आपलीच दोघांची नावां. तू हो म्हण नि मोकळो हो."

डोंगर खरा सगळ्या भावकीचा. गवत सगळे कापतात, डोंगरावरच्या राखणदार देवाला नारळ सगळे देतात. आजोबा थोरले म्हणून सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढलं, ते आमच्यापर्यंत उतरलं. हे मला ठाऊक होतं. पण परमुलखात राबून इतका शिणलो होतो की मनातून हो म्हणून टाकलं होतं. कटकट नको. भावाला मात्र शनिवारी कळवतो म्हणालो.

शुक्रवारी सुट्टी. आमच्या सर्व्हेअरने मला गाडीत घातलं आणि जबल शम्स डोंगराचा कडा दाखवायला नेलं. तो न्यूझीलंडचा, पण गोरा नव्हे. तिथला मूळचा, माओरी. आखातात मुरलेला, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा.

कड्यावर उभं राहिलं की खाली बघवत नाही. बकऱ्या आमची बिस्किटं हुंगत होत्या. त्याने एक बिस्किट मोडून बकरीला दिलं. मग म्हणाला, आमच्यात ओळख सांगताना माणूस आधी आपल्या डोंगराचं नाव घेतो, मग नदीचं. स्वतःचं शेवटी.

"तुझा डोंगर आहे का अजून?" मी विचारलं.

"है ना. सरकार के पास. हम लोग टिकट वाला पब्लिक का माफिक देखने जाता."

"लढाईत गेला?"

अर्धा लढाईत, म्हणाला. गोऱ्यांशी लढले त्यांना बंडखोर ठरवलं आणि जमिनी काढून घेतल्या. उरलेल्या कोर्टात गेल्या. कोर्टाने विचारलं, जमीन कोणाची? लोक म्हणाले, सगळ्यांची. कोर्ट म्हणालं, सगळे कागदावर मावत नाहीत. दहा नावं लिहिली. मग घेणारे आले ते त्या दहांकडेच. बाकीच्यांना कळलं तेव्हा कुंपण घालून झालं होतं.

"ते दहा जण चोर होते म्हण की!"

"नहीं चाचा. थकेला लोग था. कोर्ट का चक्कर काट काट के थकेला."

मला राग आला. "मला कशाला ऐकवतोस?"

"तूने पूछा," म्हणाला आणि हसला.

परतताना मी काचेला डोकं टेकून बसलो. त्याला वाटलं, मला गाडी लागली. त्याने वाटेत दोनदा पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची बस सुटायच्या आधी फोनचं कार्ड घेऊन बूथवर गेलो.

"बोल दादा, हो म्हणतंस मा?" भावाचा आवाज खुशीत.

"देवळात भावकी बसव. सगळ्यांका विचार. ते हो म्हणतले तर माझो होकार."

"सगळ्यांका विचारीत बसलांव तर जल्मात होवचा नाय!"

"नाय तर नाय," म्हटलं आणि फोन ठेवला.

बसवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि माझ्या गुडघ्यांच्या चालीने गेलो.