केसभर खाली

कानदादाला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. गाणं तर सोडाच. न्हाणीघरात तो गुणगुणायला लागला की बायको बाहेरून दार ठोठावायची, "अहो, कुठे दुखतंय का?"

नोकरी पाणीखात्यात, गळती शोधायची. एक लांब लोखंडी कांब, वरच्या टोकाला लाकडी चकती. कांब रस्त्यावर टेकवायची, चकतीला कान लावायचा आणि मुकाट उभं राहायचं. खाली नळ फुटला असेल तर सूं आवाज येतो. वाहणाऱ्या पाण्याचा वेगळा, मुरणाऱ्याचा वेगळा. जागा सापडली की खडूनं फुली मारायची. फुली चुकली तर रस्ता फुकट उकरला जाणार आणि खोदणारे आईबापाचा उद्धार करणार. बावीस वर्षांत तो चार वेळा झाला होता. चारही तारखा त्याला पाठ होत्या.

हाच गडी अकरा वर्षं एका साप्ताहिकात गाण्याबजावण्यावर लिहीत होता. हजेरीपुस्तक सोडलं तर त्याचं नाव उमटायची जगातली ती एकच जागा. ती तो जिवापाड जपायचा.

मग मेहुण्याचा कार्यक्रम झाला. बायकोचा धाकटा भाऊ, व्हायोलिनचा क्लास चालवणारा, शंभर पोरांचा मास्तर. कानदादानं लिहिलं, 'मास्तरांचा हात गोड आहे. पण चढताना वरच्या सा वर बोट दर वेळी केसभर अलीकडे पडतं. ते झाकायला मास्तर बोट थरथरवतात. लोकांना वाटतं, काय भाव ओतलाय! भाव कसला, पांघरूण आहे ते.'

अंक हातात पडला तसा मेहुणा पायातल्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात.

"दाजी, एक ओळ वाजवून दाखवा. एकच. मग लिहा माझ्यावर."

"मला येत नाही."

"येत नाही आणि लिहिताय?"

"तुझ्या जिन्याखाली नळ गळत होता तेव्हा जागा मीच दाखवली. तेव्हा नाही विचारलंस, दाजी, तुम्ही कधी नळ बनवलाय का."

"नळ आणि संगीत एकच?"

"छे. नळ रुसत नाही."

बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला हसू आवरेना.

"ताई, तू तरी सांग यांना!"

"मी काय सांगू? तुझं लहानपणापासून ऐकलं, यांचं रोज ऐकते. मला कुणी लिहायला सांगत नाही म्हणून वाचलात दोघं."

दोन दिवसांनी संपादकांनी बोलावलं. त्यांची मुलगी त्याच क्लासात. "येत्या रविवारी सकाळी क्लासचा कार्यक्रम आहे. पाच मिनिटं व्हायोलिन हातात घ्या, चार सूर काढा. नाहीतर सदर बंद. लोक म्हणतात, ज्याला वाजवता येत नाही त्यानं बोलू नये."

बायकोनं शेजारच्या मुलीचं व्हायोलिन मागून आणलं. "दोन ओळी घोटा की. जीव जातोय का?"

कानदादानं ते खांद्याला लावलं. गज ओढला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. पण त्यानं वाद्य खाली ठेवलं ते त्यामुळे नव्हे. "शिकलो तर बोटं कशी दुखतात ते कळेल, खोटं कशाला बोलू. पण लोकांना बोटांचं दुखणं ऐकू येत नाही, सूर ऐकू येतो. मी आज हे वाजवलं तर नुसतं ऐकणं म्हणजे अर्धवट काम, हे कबूल केल्यासारखं होईल. ते मी करायचा नाही."

रविवारी तो मंचावर चढला तो मोकळ्या हातांनी. सभागृह गच्च भरलेलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

"मी वाजवणार नाही," तो म्हणाला. "मास्तर तीनदा वाजवतील. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. सूर खाली आला की हात वर करीन. हात चुकला तर सदर मीच बंद करतो. आणि चुकला की नाही, हे मास्तरांनीच सांगायचं."

संपादक गोंधळले. मेहुण्यानं मात्र गज उचलला.

पहिल्यांदा सूर चढत गेला, वरच्या सा ला टेकला आणि कानदादाचा हात वर. मेहुण्याचा चेहरा लाल. दुसऱ्यांदा त्यानं डाव टाकला, मधलाच एक सूर मुद्दाम पाडला. हात वर. पुढे वरच्या सा ला पुन्हा हात वर. पोरं खुसुखुसू हसायला लागली.

तिसऱ्यांदा मेहुण्यानं डोळे मिटले. हळू चढला. वर पोचल्यावर बोट थरथरवलं नाही, सरळ ठेवलं आणि दाबून धरलं. अख्खं सभागृह कानदादाच्या हाताकडे बघत होतं. हात हलला नाही.

"झोपलात का, दाजी?"

"नाही. सूर लागला."

"मास्तर, निकाल?" संपादकांनी घाईनं विचारलं.

मेहुण्यानं गज खाली घेतला. खोटं बोलला असता तर कानदादाखेरीज त्याला कुणी पकडलं नसतं. "हात एकदाही चुकला नाही," तो म्हणाला. आणि लगेच उसळला, "पण आता मागचं लिहिलेलं मागे घ्या!"

"का म्हणून? त्या दिवशी खालीच होता. आजचं आज लिहीन."

"हट्टी आहात."

"आहे."

"मग पुढचंही ऐका. तिथेही काढा खोट, बघतोच."

कानदादानं खुर्ची ओढली आणि मेहुण्याच्या अगदी समोर बसला. "वाजव," तो म्हणाला.