बरा होत होता

मी इंग्रजी पाचवीत होते त्या वर्षी भूतकाळाने माझा अगदी जीव खाल्ला. वर्गात आम्ही दोनच मुली, पुढच्या बाकावर, मास्तरांच्या थेट नजरेखाली. मास्तर भाषांतराला वाक्य घालत, 'मी रोज विहिरीवर जात होते', आणि मी बिनदिक्कत 'आय वॉज गोइंग' लिहून मोकळी होई. त्यावर लाल शाईची काट पडे. रोजचं असेल तर 'वेंट', असं मास्तर सांगत. पण मराठीत 'जात होते' आहे ना, असं विचारलं की ते म्हणत, "क्रिया पुरी झाली असेल तर साधा भूतकाळ, त्या वेळी चालू असेल तर चालू भूतकाळ. एवढंच." ते एवढंच मला कळत नसे. भूतकाळ म्हटला की सगळं होऊन गेलेलंच. मग त्यातलं पुरं काय आणि चालू काय?

आमच्या परसाला चिऱ्यांचा गडगा होता आणि गडग्यापलीकडे चाचींचं घर. त्यांचा नवरा आगबोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर. दीड-दोन महिन्यांनी त्याचं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र यायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर एकही आलं नाही. माघ संपत आला तेव्हा चाची आमच्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू इंग्रजी शिकतंस ना? कंपनीला कागद लिव."

माझे वडील मराठी शाळेत शिकवत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या इंग्रजीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्यांनी लगेच दौत पुढे केली.

मी लिहिलं, माझा नवरा तुमच्या बोटीवर 'वर्क्ड'. चाचींनी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायला सुरुवात केली.

"वर्क्ड म्हणजे काय गो?"

"काम केलं."

"केलं? म्हणजे आता करत नाय?"

मी तो शब्द खोडला. 'इज वर्किंग' लिहावं, तर तो काम करतो आहे की नाही हेच तर आम्हाला विचारायचं होतं. शेवटी 'वॉज वर्किंग' लिहिलं. काम करत होता. निदान त्यात काही संपल्यासारखं वाटत नव्हतं. ते बरोबर होतं की चूक, मला ठाऊक नव्हतं. पत्र मुंबईला गेलं.

शिमग्याच्या आधी उत्तर आलं, टाइप केलेलं, चार ओळींचं. चाचींनी पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. ताप आल्यामुळे त्याला एडनच्या इस्पितळात उतरवलं होतं, एवढं मी अडखळत लावलं. पुढे होतं, बोट एडनहून निघाली तेव्हा तो 'वॉज रिकव्हरिंग'. शब्दकोश काढला. रिकव्हर, बरे होणे. 'वॉज' म्हणजे भूतकाळ.

"चाची, बरे झाले ते!" मी ओरडलेच.

चाचींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. संध्याकाळी त्यांच्याकडून नारळ घातलेली खीर आली आणि शेजारच्या चार घरांतही गेली.

दुसऱ्या दिवशी मी फुशारकीने ते वाक्य मास्तरांना दाखवलं. त्यांनी वाचून विचारलं, "अर्थ काय केलास?"

"बरा झाला."

"चूक. बरा होत होता. बोट निघाली त्या वेळी. झाला की नाही, ते या वाक्यात नाही." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे वाक्य आणलंस कुठून?"

मी सांगितलं. त्यांनी वाक्य पुन्हा एकदा वाचलं. नंतर म्हणाले, "इस्पितळाला पत्र मी लिहितो. पण त्या बाईंना आजच सांग."

घरी जाताना मी लांबची वाट धरली. चाची अंगणात भात पाखडत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तू काल खोटं सांगितलंस?"

"खोटं नाही. पण... पुरं झालं असं मी सांगितलं, आणि ते पुरं नव्हतं."

"मेले असं तर नाय ना लिवलंय?"

"नाही."

"मग होत होते तर होत होते. बोट निघाली म्हणून माणसाचं बरं होणं थांबतं काय?" त्यांनी सूप पुन्हा उचललं.

इंग्रजीत तसं चालतं की नाही, हे मला सांगता येईना. त्या रागावल्या होत्या की मलाच धीर देत होत्या, तेही कळेना.

मास्तरांच्या पत्राला उत्तर आलं नाही. पावसाळ्यात बंदर बंद झालं. चाची भेटल्या की मी नजर चुकवत असे. त्या मात्र 'अभ्यास कर गो' एवढंच म्हणत.

बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि एका सकाळी किनाऱ्याला लागलेल्या पडावातून उतरून चाचींचा नवरा स्वतःच चालत घरी आला. डोक्यावर केस उरले नव्हते, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. चाची रडल्या, मग इतका वेळ कुठे होतात म्हणून भांडल्या, मग चुलीकडे गेल्या.

दोन दिवसांनी मी धीर करून विचारलं, "चाचा, तुमची बोट एडनहून निघाली तेव्हा तुम्ही बरे होत होता ना?"

"मी?" तो हसला. "मी शुद्धीवरच नव्हतो, बाय. डॉक्टरने आशाच सोडलेली म्हणतात. कुणी लिवलं तसं?"

"कंपनीने."

"त्यांना काय ठाऊक?"

इतके महिने ज्या क्रियापदापायी मी झोप घालवली होती, ते कुणा कारकुनाने नुसतंच लिहून टाकलं होतं. आणि तरी माणूस समोर बसला होता.

"मग बरे कधी झालात?"

त्याने केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "ते नाय सांगता येणार. एक दिवस भूक लागली. तेवढं आठवतं."