देवीदासचे चार भोंगे

सौसर गावात लग्न असो, बारसं असो की निवडणूक, देवीदास सोमकुंवरचा भोंगा लागल्याशिवाय कार्य सुरू झालं असं कोणी मानत नसे. सायकलच्या कॅरिअरवर अॅम्प्लिफायर, खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि हँडलला लटकलेले भोंगे, अशी त्याची स्वारी निघाली की मोहगावपासून बोरगावपर्यंत लोक विचारत, "आज कोणाकडं?" स्वतः मात्र इतका अबोल, की माइक तपासताना "हॅलो"सुद्धा दोनदाच म्हणायचा. अशा माणसाला सत्त्याऐंशी साली नाटक लिहायची बुद्धी झाली, आणि तेही वेडावर. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं त्याच्या थोरल्या भावाचं मत होतं, आणि थोरले भाऊ अशा बाबतीत सहसा चुकत नाहीत.

कारण घरातच होतं. त्याची बायको कमल चार वर्षं आवाज ऐकत होती. आसपास कोणी नसताना तिला कोणी दम द्यायचं, कोणी शिव्या घालायचं, कोणी सांगायचं की पाण्यात काहीतरी कालवलं आहे. सासूनं तिला बाधा उतरवायला चोरून जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणलं, देवीदासनं उघडपणे नागपूरच्या दवाखान्यात नेलं. सहा महिन्यांनी ती गोळ्यांची पुडी घेऊन परतली, स्वयंपाकपाणी करू लागली, कापूस वेचायलाही गेली. पण शेतात तिच्या शेजारची ओळ कोणी धरेना. पापड लाटायला बोलावणं येईना. शेजारची मंगला तर नळावर ती दिसली की घागर तशीच ठेवून घरात शिरे. हळूहळू कमलनं उंबरठा ओलांडणंच सोडलं.

एका दुपारी ती तांदूळ निवडत होती. देवीदासनं विचारलं, "ते आवाज येत, तं कसे येत वो?"

कमलनं सूप बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारत ते एवढंच, की कमी झालं का.

"चारी बाजूनं येत," ती म्हणाली. "तुमी इकडून बोलून राह्यले का ते तिकडून सुरू होत. मंग तुमचं काय ऐकू अन् त्याईचं काय ऐकू?"

देवीदासला दुसरं काय सुचणार? त्याला भोंगेच सुचले. अंगणात लोक बसलेले, समोर नाटक चाललेलं, आणि चार कोपऱ्यांतून चार भोंगे. कमलनं शब्द सांगितले, त्यानं आपल्याच आवाजात ते कॅसेटवर भरले, कधी दबक्या सुरात, कधी खेकसून. जयंती कमिटीचे अध्यक्ष मोतीराम गुरुजी यांनी चौदा एप्रिलला, नागपूरची कव्वाली पार्टी येईपर्यंतचा अर्धा तास देऊ केला. बाईचं काम सुरेश शिंप्यानं पत्करलं.

"मी येतो पाहाले," कमल म्हणाली. "पण लोकं हसले तं उठून येईन. मंग मले कुठंच चाल म्हणू नका."

त्या दिवसापासून देवीदासला घास गोड लागेना. गावच्या नाटकात वेडा येतो तो हसवायलाच, हे त्याला का ठाऊक नव्हतं? आणि सुरेश तर नुसता चालला तरी लोक हसत. नाटक पडलं तर पडो, पण कमल पुन्हा घरात जाऊन बसली तर ती कायमचीच बसेल, हीच त्याला धास्ती होती.

चौदा तारखेला दिवेलागणीला विहाराचं अंगण भरलं. कमल बायकांच्या शेवटच्या रांगेत, बरोबर देवीदासच्या मशीनजवळ बसली. पुढे जागा नव्हती म्हणून उशिरा आलेली मंगलाही नाइलाजानं तिथेच टेकली.

पडदा सरकला. लुगडं नेसलेला सुरेश आला, त्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि अंगणभर हशा पिकला. अजून त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. देवीदासनं कमलकडे पाहिलं. ती एक हात जमिनीला टेकून उठायच्या बेतात होती.

त्याचा धीर सुटला. कॅसेट पाच मिनिटांनी लावायची होती, ती त्यानं तेव्हाच लावली आणि आवाजाचं बटन शेवटपर्यंत फिरवलं.

"सारे तुह्याकडं पाहून राह्यले," चारी भोंगे बोलले. "पाणी पिऊ नको. उठ तिथून."

हसू बंद झालं, पण भलतंच झालं. जन्म भोंग्यांत घालवलेल्या देवीदासला एवढं कळायला हवं होतं, की गावात भोंगा बोलतो तो देणगीदारांची नावं सांगायला, नाहीतर हरवलेलं पोर सापडलं म्हणून. लोकांना वाटलं, कमिटीच काहीतरी सांगते आहे. पहिल्या रांगेतले एक म्हातारबुवा तर "उठ तिथून" ऐकून खरंच उठून उभे राहिले. माना वळू लागल्या. सुरेश बोलायचा, भोंगा त्याच्या आवाजावर आवाज चढवायचा, सुरेश अर्ध्या वाक्यात थांबायचा.

"पह्यले ते बंद करा," कोणीतरी ओरडलं. मग दहा जण ओरडले. पोरं रडायला लागली.

मोतीराम गुरुजी तणतणत आले. "देवीदास, तुही मशीन बिघडली."

"नाही, गुरुजी. नाटकच हे आहे."

"लोकाईचं डोस्कं फिरून राह्यलं, बंद कर."

देवीदासचा हात उठेना. शेवटी गुरुजींनीच वायर उपटली. कव्वाली कधी सुरू होणार, अशी विचारणा सुरू झाली. नाटक पडलं, आणि असं पडलं की सुरेशनं पडद्याआड लुगडंच सोडलं. देवीदासला तर मान वर करायचीही लाज वाटत होती.

मंगलानं कानांतली बोटं काढली. "बाई वो, डोस्कं उठलं माह्यं. कवाची म्हणून राह्यली, बंद करा म्हणून."

"तुह्यं गुरुजीनं बंद तरी केलं," कमल म्हणाली. ती अजून तिथेच बसलेली होती.

मंगलानं तिच्याकडे वळून पाहिलं. "असं येत होतं तुले?"

"याच्याहून जोरानं. चार वर्सं."

"अन् आता?"

"कधी कधी. गोळी चुकली का."

"मंग काय करतं वो तू तवा?" मंगलानं विचारलं, आणि ती जरा सरकून बसली. कमल हळूहळू सांगू लागली.

तेवढ्यात कव्वाली पार्टीची गाडी फाटकाशी लागली. "वायर लाव, देवीदास," गुरुजींनी हाक दिली.

इतक्या वर्षांत देवीदासनं भोंग्यापायी कोणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. त्यानं शेजारी बोलत बसलेल्या दोघींकडे पाहिलं आणि वायरचं टोक मुठीतच धरून ठेवलं.

"मशीन गरम झाली, गुरुजी," तो म्हणाला. "थोडा वेळ लागंल."