स्वागताचा फॉर्म आणि हुलग्याचं माडगं

देवाने बोलावलं म्हणून माणसं चर्चच्या मंडळीत येतात, असा विमलबाईंचा साठ वर्षं समज होता. प्रबोधने तो एकाच संध्याकाळी मोडून काढला. माणसं 'प्रोसेस'ने येतात, असं त्याने सिंगापुरातल्या सेरंगून भागात बाईंच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्याच टीव्हीवर चित्रं लावून सिद्ध केलं. पहिल्या चित्रात स्वागत, दुसऱ्यात नाती, तिसऱ्यात सेवा. चौथ्यात नुसता एक बाण होता, वर जाणारा.

हा प्रबोध वन-नॉर्थला कसल्याशा कंपनीत मॅनेजर. दिवसभर तिथे बाण वर चढवायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी तोच बाण प्रभूच्या घरात आणून रोवायचा. मराठी मंडळीचे सिंगापुरातले तीन प्रार्थनागट पाळकसाहेबांनी त्याच्या हवाली केले होते. पाळकसाहेबांना इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचं फार कौतुक. तो काय बोलतोय हे कळलं नाही की त्यांचं कौतुक आणखी वाढायचं.

"मावशी, तुमच्या गटात पाच जण आहेत," प्रबोध म्हणाला. "ईस्टरपर्यंत बारा झाले नाहीत तर आपण हा गट बुओना व्हिस्टाच्या गटात मर्ज करू. आमच्या कॉन्डोत फंक्शन रूम आहे. एसी आहे."

"आणि इथं?"

"इथे काय? इथे तुम्ही आराम करा."

आराम! संगमनेरकडच्या मिशन दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलेल्या बाईला हा आराम करायला सांगत होता. नवरा गेल्यावर ओजसने आईला सिंगापुरात आणलं, त्याला आठ वर्षं झाली. मुलगा आणि सून स्वानंदी सकाळी कामाला जात, ते दिवेलागणीला परत. खाली लिफ्टपाशी भेटणाऱ्या चिनी आजीशी विमलबाई हातवाऱ्यांनी बोलत. तोंड भरून मराठी बोलायला मिळायचं ते फक्त शुक्रवारी, जेव्हा चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या दोन नर्सबहिणी प्रार्थनेला येत. हा शुक्रवार गेला की उरणार काय? तर भिंत.

म्हणून बाईंनी बारा माणसं आणायचं मनावर घेतलं.

आणि देवाची करणी, पुढच्याच शुक्रवारी गार्गी आली. युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी, तिशीतली, अंगाने काटकुळी. प्रबोध आणि त्याची बायको मेधा स्वागताला मुद्दाम हजर होते. दारातच तिच्या छातीवर नावाचं स्टिकर चिकटवलं. सात ओळखीच्या माणसांत एक अनोळखी, आणि स्टिकर लावले सगळ्यांनी! मग मेधाने टॅब पुढे केला. नाव, आडनाव, मूळ गाव, आजोबा कुठल्या मिशनचे.

आता हा शेवटचा प्रश्न कशासाठी, हे नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल. बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या उलटल्या, पण कुणाचा पणजा महारवाड्यातून आला आणि कुणाचा मांगवाड्यातून, हे हुंगायची खाज काही पाण्याने गेली नाही. तोंडाने म्हणायचं, ख्रिस्तात सगळे एक. आणि डोळ्यांनी मोजायचं, एक म्हणजे नेमके कुठले.

गार्गीने आडनाव सांगितलं, नेवाशाजवळच्या गावाचं नाव सांगितलं आणि मिशनच्या रकान्याशी थांबली. आणि इथे घाण केली ती मेधाने नव्हे. ती केली आपल्या विमलबाईंनी. ओळख लावायची हौस! गाव-आडनाव जुळवून त्या हरखून म्हणाल्या, "आगं, माझी नणंद दिलीय तिथं! म्हंजी तू देवळामागल्या आळीतली, न्हाई का? वळखलंच मी."

देवळामागली आळी म्हणजे कुठला वाडा, हे त्या खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही. मेधाने टॅबवर काहीतरी टिपलं. गार्गीने स्टिकर सोलून टेबलावर ठेवलं, प्रार्थना संपेपर्यंत बसली, आणि चहा न घेता गेली.

तीन शुक्रवार ती फिरकली नाही. प्रबोधच्या बाजूने मात्र स्वागत जोरात चालू होतं. दर शनिवारी सकाळी तिच्या फोनवर आपोआप मेसेज जाई, 'वी मिस्ड यू', खाली मेंढराचं चित्र. सेवेचं कामही झालं. एका शनिवारी सगळ्यांनी सारखे टी-शर्ट घालून समुद्रकिनारी कचरा उचलला. कचरा होता दोन पिशव्या, फोटो निघाले एकशे दहा.

माणूस गमावलं ते प्रबोधच्या बाणाने नाही, आपल्या जिभेने, हे विमलबाईंना स्वच्छ कळत होतं. त्यांनी प्रबोधला फोन केला. "त्या पोरीचा पत्ता दे."

"मावशी, तो डेटा आहे. असा देता येत नाही."

"आजा कुठल्या वाड्यातला ते इचारता येतं, आन् पत्ता देता येत न्हाई व्हय रे?"

त्याने फोन ठेवला.

पण गार्गी त्या दिवशी बोलण्याच्या ओघात म्हणाली होती, की खोलीवर शिजवता येत नाही, बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर रोज डोसा खाऊन कंटाळले. तेवढं पुरे होतं. शनिवारी बाईंनी हुलगे भाजून दळलेल्या पिठाचं लसूण घालून माडगं केलं, थर्मासमध्ये भरलं, आणि सर्कल लाइनच्या मेट्रोने एकट्या निघाल्या. डोसेवाल्यासमोरच्या टेबलावर इथल्या रीतीने टिश्यूचं पाकीट टाकून जागा धरली आणि बसल्या. अकराला बसल्या, एक वाजून गेला. टेबल पुसणारा म्हातारा दोनदा येऊन म्हणाला, "आंटी, यू ईटिंग ऑर नॉट, लाह?" त्यालाही त्यांनी वाटीभर माडगं पाजलं. मग तो शेजारचं टेबल पुसायला लागला.

सव्वा वाजता गार्गी आली. बाईंना पाहून थबकली.

"फॉर्म अर्धा राहिला म्हणून पाठवलं का तुम्हाला?"

"न्हाई. माफी मागाया आले."

"कशाची?"

"माझ्या तोंडाची. बस."

ती बसली नाही. उभ्यानेच बोलली. "मावशी, गावच्या चर्चच्या जेवणात माझ्या आईला शेवटच्या पंगतीला बसवायचे. हिंदूंच्या नव्हे, आपल्या जेवणात. मी पीएचडी केली, समुद्र ओलांडला. आणि तुम्ही मला पहिल्या पाच मिनिटांत उचलून त्याच आळीत नेऊन ठेवलंत."

विमलबाईंना म्हणता आलं असतं, की मला तसं म्हणायचं नव्हतं. पण त्यांना तसंच म्हणायचं होतं, हे त्या जाणून होत्या. नणंदेच्या गावात त्या स्वतः पहिल्या पंगतीला जेवल्या होत्या, आणि शेवटच्या पंगतीत कोण बसतं हे वळून पाहिलं नव्हतं.

"पैल्या पंगतीला जेवलेय मी तिथं," त्या म्हणाल्या. "गोड लागलं व्हतं."

गार्गी खुर्ची ओढून बसली. माडग्याचा पहिला घोट घेतला आणि नाक ओढलं.

"लसूण जास्त झालाय."

"मग तू येऊन कर. गॅस माझा, हात तुझा. शुक्रवारी चारला. प्रार्थना नको आसंल तर खोलीत बस."

ती आली. पिठलं केलं, बरं झालं होतं. पुढच्या वेळी तिच्याच लॅबमधला धवल आला, त्याची घरमालकीण तर अंडंही उकडू देत नसे. त्याच्या मागून अश्लेषा, मग तन्मय. शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत 'नो कुकिंग'ची पाटी वाचून उपाशी जिभेने राहणारी ही सगळी पोरं. निम्मी हिंदू. विमलबाई जेवणाआधी मिनिटभर डोळे मिटून प्रार्थना करत. ज्याला मिटायचे त्याने मिटावे. आडनाव कुणी विचारलं, की हातातलं उलथणं वर होई. नर्सबहिणी कांदे चिरता चिरता चाळीस वर्षांच्या गोष्टी सांगत. शेजारी गोंगाटाची तक्रार करतील अशी धास्ती ओजसने घेतली होती. स्वानंदीने शेजारच्या घरी भजी पाठवून ती मिटवली.

गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी प्रबोध टॅब घेऊन उगवला. चौदा जणं बघून त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

"मावशी! मॉडेल वर्क झालं! यातल्या किती जणांनी प्रभूला स्वीकारायचा निर्णय घेतला?"

"सगळ्यांनी घेतला. भात जास्त लावायचा."

पोरं फिसकन हसली. प्रबोधने गार्गीपुढे टॅब धरला.

"आडनाव देणार नाही," ती म्हणाली. "गावही नाही."

"रकाना रिकामा ठेवला तर सिस्टम घेत नाही."

धवलने मान हलवली. अश्लेषाने हात मागे बांधले. एकाने म्हणून टॅबला बोट लावलं नाही.

"मग मी मोजणार कसे?" प्रबोध चिडला.

"ताटं मोज," विमलबाई म्हणाल्या. "आन् मोजून झाली की घास. भांडी घासणारं कुणी न्हाई आज."

तो ताठ मानेने निघून गेला. अहवालात त्याने लिहिलं, सेरंगून : पाच.

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी विमलबाई कणीक मळत होत्या, तेव्हा ओट्यावरचा फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून गार्गीने वाचला. सेरंगूनचा गट बंद झाला होता. त्याखाली नवा मेसेज होता: 'विमलजी, बुओना व्हिस्टा गटात आपलं हार्दिक स्वागत!' मेंढराचं चित्र. खाली फॉर्म. नाव, आडनाव, मूळ गाव.

आठ वर्षं ज्या मंडळीत काढली, तिने त्यांना आज नवीन पाहुणी करून दारात उभं केलं होतं.

"काय लिहू मावशी?" गार्गीने विचारलं. "मूळ गाव?"

दाराची बेल वाजली. बाहेर तन्मयबरोबर आणखी दोन अनोळखी पोरी होत्या, पायांतले बूट काढत.

"सेरंगून लिही," विमलबाई म्हणाल्या, आणि डब्यातून आणखी दोन मुठी कणीक घेतली.