रक्त खोटं बोलत नाही

आग लागो त्या कार्डाला! क्षयाच्या असल्या झटपट रक्तचाचण्यांवर सरकारनं बंदी घातली, ही बातमी मी बाबांना वाचून दाखवली, तेव्हा ते उठून आत गेले. बंदी! आमच्या घरातलं सगळं होऊन गेल्यावर किती वर्षांनी!

तेव्हा ताईचं लग्न ठरलं होतं. सासर आमच्याच शहरात, हरणीला, माणसं चांगली. आणि नेमका तिचा खोकला सुरू झाला. हळद-दूध झालं, अडुळसा झाला, खोकला काही हटेना. तिचे ब्लाउज सैल पडायला लागले, तशी वहिनीनं आपल्या तान्ह्या मुलीला ताईच्या कुशीतून उचलून स्वतःकडे झोपवायला घेतलं. ताईनं पोरीची दुपटी स्वतःच घडी करून वहिनीकडे दिली. पण ती भाची म्हणजे तिचा जीव की प्राण. पोर पलीकडच्या खोलीत रडली की हिचे डोळे भरायचे.

आमचे डॉक्टर म्हातारे आणि फटकळ. म्हणाले, "सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. रक्ताच्या त्या नव्या टेस्टच्या नादी लागू नका, तिच्या हो-ला अर्थ नाही आणि नाही-लाही नाही." पण बाबांना ते कसं पचावं? आमचे पणजोबा संस्थानात कारभारी. संस्थान गेलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. कारभाऱ्यांची पणती डबीत थुंकी घेऊन रांगेत उभी राहणार, आणि हरणीच्या कुणी बघितलं म्हणजे? शिवाय आमच्या घरात रक्ताचं भारी कौतुक. सोयरीक बघायची ती रक्त बघून, भांडायचं तेही रक्त काढून.

"थुंकीचं काय घेऊन बसलात?" बाबा म्हणाले. "रक्त खोटं बोलत नाही."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजलपुरात नवी लॅब निघाली होती, काचेच्या दाराची, एसीवाली. ताईचं रक्त कार्डावर टाकलं. दोन रेघा उमटल्या तर रोग, एकच उमटली तर नाही. एकच उमटली. लॅबवाला गुजराती, हसून म्हणाला, "नेगेटिव छे, बेन. जलसा करो!" म्हणजे रोग नाही, मजा करा.

बाबांनी पेढे आणले. वहिनीनं आपणहून पोर ताईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चुकलंच माझं, ताई." अहो, कुठे चुकलं होतं तिचं? घरात तीच एक शहाणी, आणि माफीही तिनंच मागायची!

मग केळवणं लागली. लग्नाआधी मुलीला नातेवाइकांनी घरोघर जेवायला बोलवायचं, ही आमची रीत. ताई पोरीला कडेवर घेऊनच जायची, आपल्या ताटातला मऊ भात तिला भरवायची. मध्येच खोकली की बायका म्हणायच्या, "अगं, जागरणं कमी कर." घरी आल्यावर पोर पुन्हा तिच्याच कुशीत.

आधी पोरीला ताप आला. मग उलट्या, मग मान ताठ झाली. मोठ्या दवाखान्यात विचारलं, घरात कुणी खोकतंय का? बाबांनी मोठ्या ऐटीत ताईचा रिपोर्ट पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो बाजूला सारला आणि ताईची थुंकी मागितली. क्षयच होता. तोच पोरीच्या मेंदूपर्यंत पोचला होता. पोर गेली.

लग्न मोडलं, पण त्याचं दुःख करायला घरात कुणात त्राणच नव्हतं. ताईनं सगळ्या गोळ्या मुकाट्यानं संपवल्या. त्याच सरकारी रांगेत उभी राहून थुंकी दिली, ती स्वच्छ निघाली. पुन्हा दिली, पुन्हा स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कुणालाही धोका नाही.

पुढे वहिनीला मुलगा झाला. बारशाला तिनं सगळ्यांदेखत तो ताईपुढे धरला. केवढं काळीज त्या बाईचं!

"घ्या ना ताई. आता रिपोर्ट स्वच्छ आहे तुमचा."

ताई मागे सरकली. पदर तोंडावर घट्ट दाबून म्हणाली, "तेव्हाही स्वच्छच होता, वहिनी."