कोरड्या भाताचा गोळा

काल जेवताना माझ्या घशात माशाचा काटा अडकला. आईने कोरड्या भाताचा गोळा वळून पुढे केला आणि मला आमचा वर्तकनगरचा जिना आठवला.

मी आठवीत होते. बिल्डिंगच्या मोत्या कुत्र्याच्या घशात कोंबडीचं हाड अडकलेलं. तो पंजाने तोंड ओरबाडत होता, घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. आई असाच गोळा घेऊन धावत आली. "गिळ रे बाळा, लगेच उतरेल," म्हणत तिने तो त्याच्या तोंडात सारला.

फर्स्ट एड शिकवणाऱ्या आमच्या मिसने कुत्र्यांचंही सांगितलं होतं. वरून काही भरवायचं नाही, मागचे पाय उचलून बरगड्यांखाली दाबायचं. पण जिन्यात सगळे शेजारी जमले होते. त्यांच्यासमोर आईला चुकीचं कसं ठरवायचं, म्हणून मी कठड्याला टेकून गप्प राहिले. थोड्या वेळाने शिट्टी थांबली आणि मोत्या हलेनासा झाला.

"खा ना, बघत काय बसलीस?" काल आई गोळा तसाच पुढे धरून म्हणाली.

मी गोळा न चावता गिळला. काटा उतरला.

"बघ," आई म्हणाली. "त्या मोत्याचंच नशीब खोटं."

मी मान हलवली.