कर्जमाफीची जीप

मी मिशनच्या जीपवर ड्रायव्हर होतो. ड्रायव्हरचं एक बरं असतं बघा, मागं बसलेली माणसं त्याला गाडीचाच एक पार्ट समजतात आणि त्याच्यादेखत मनमोकळं बोलतात. सीटखाली जुने पाने-पकडी साठतात ना, तसे मग किस्से साठत जातात. फेकवतही नाहीत, आणि कुणी विचारल्याशिवाय बाहेरही काढवत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून काढतो.

दुष्काळाचे दिवस होते. आमच्या गावानं त्याआधी पाझर तलावावरून पाणी उचलायची सहकारी योजना केली होती. तालुक्याच्या एका संस्थेनं कर्ज दिलं, पाइप पुरले, मोटार बसली आणि तलाव आटला. रानाला थेंब मिळाला नाही, पण हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले! मग नोटिसा आल्या. येरमाळ्याची चैत्री यात्रा झाली की जमिनींचा लिलाव. पहिलं नाव सुंदराबाईचं. नवरा गेलेला, दोन लेकरं पदरात आणि दीड एकर रान. ते गेलं की तिला गाव सोडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कर्ज माफ करा म्हणून धाराशिवला खेटे घालायला एक समिती निघाली. लिंगायत मठाचे अप्पा, मिशनचे फादर आणि बुद्धविहाराचे कांबळे गुरुजी. स्टेअरिंगवर मी, सलीम. गुरुजी म्हणायचे, "गाडी पलटी झाली तर कुणाच्या देवानं धावायचं, हे आधी ठरवून घ्या."

*

पहिल्याच दिवशी पेच पडला. पुढच्या सीटवर बसायचं कुणी? अप्पा गावाचे गुरू. फादरची गाडी. गुरुजी वयानं मोठे. तिघंही "तुम्ही बसा, तुम्ही बसा" म्हणत उन्हात उभे, आणि कुणीच मागं चढेना. पारावरची माणसं गंमत बघत होती.

शेवटी गुरुजींनी मागं उभ्या असलेल्या सुंदराबाईला हाक मारली. "जिचं रान जायचंय ती पुढं बसंल."

पारावरचं हसणं थांबलं. विहाराकडची बाई पुढं आणि मठाचे अप्पा मागं, असं आमच्या गावानं कधी बघितलेलं नव्हतं. अप्पा मागं चढले. सुंदराबाई धाराशिव येईपर्यंत समोरचा दांडा घट्ट धरून बसली होती.

*

अप्पांचा नेम कडक. मठाच्या आडाचं पाणी सोडून दुसरं पाणी प्यायचे नाहीत. बरोबर पितळेची कळशी असायची. एकदा येडशीच्या पुढं खड्ड्यात गाडी आदळली आणि कळशी लवंडली. चूक माझी होती. त्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात आम्हाला दुपार टळेपर्यंत ताटकळत बसवलं. वैशाखासारखं ऊन. फादरनी थर्मास पुढं केला, गुरुजींनी बाटली.

"राहू द्या. सवय हाय," अप्पा म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

परत येताना गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "सलीम, माणूस खोटा न्हाय रे. पन त्याची तहान लई हट्टी हाय."

*

फादर केरळचे. मराठी बोलायला लागले की कर्ता एकीकडं आणि कर्म भलतीकडं. त्यांच्याकडं परदेशातून एक मासिक यायचं. एकदा रस्त्यात ते त्यातलं सांगायला लागले. गरीब देशांनी श्रीमंत देशांची कर्जं घेतलीत, फेडता फेडता दवाखाने आणि शाळा बंद पडायला आल्यात, आणि चर्चची माणसं तिकडं मोर्चे काढतायत, की ही कर्जं सोडून द्या.

अप्पा चकितच झाले. "देशाला बी सावकार असतो व्हय?"

"असतो ना, अप्पा. मोठा सावकार."

पुढच्या सीटवरून सुंदराबाईनं मान वळवली. ती गाडीत बोलायची नाही, म्हणून मीही दचकलो. "मग त्या देशाचा लिलाव झाला, तर तिथल्या लोकांनी जायचं कुठं, फादर?"

फादरनी मासिक मिटलं आणि पिशवीत घातलं.

*

आता वसुलीच्या साहेबांचं. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं कात्रीसारखं. लिलावाला चार दिवस उरले असताना त्यांनी आम्हाला आत घेतलं. अप्पा फार चांगलं बोलले. दुष्काळात वसुली म्हणजे भुकेल्याच्या ताटातली भाकरी उचलणं, कुठलाच धर्म याला राजी नाही, असं बरंच काही. मला वाटलं, झालं काम.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुंदराबाईकडं बघितलं. "बाई, तुमच्यावर आणखी कुणाचं देणं आहे?"

तिनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"मठाचं हाय," ती म्हणाली.

"किती?"

"दोन पोती जोंधळा घेतलाय. सुगीला तीन घालायचा."

तशी रीतच होती. मठाच्या अंगणात जमिनीखाली धान्याचं पेव होतं. अडल्यानडल्याला त्यातून दिढीनं धान्य मिळायचं, म्हणजे दोन न्या, तीन द्या. ज्याच्याकडं जितकी पोती येणं, तितक्या गेरूच्या रेघा त्याच अंगणाच्या भिंतीवर. निम्मंअधिक गाव त्या भिंतीवर होतं, आणि आमच्यापैकी कुणालाच, खुद्द अप्पांनासुद्धा, ते कर्ज वाटतच नव्हतं.

साहेब हसले नाहीत. "अप्पा, आमचं व्याज तुमच्यापेक्षा बरंच कमी आहे. लिलाव मंगळवारीच. तुमच्या मठातच घेऊ, तिथं सावली आहे."

परतीला मी गाडी जरा जोरातच हाणली. मला अप्पांचा राग आला होता, अगदी तोंडावर बोलावं इतका. गाव जवळ आलं तेव्हा सुंदराबाई पुढं बघतच म्हणाली, "खोटं कसं बोलू, गुरुजी?"

"न्हाय बोलायचं," गुरुजी म्हणाले.

*

मंगळवारी मठाचं अंगण भरलं. साहेब खुर्चीवर. बोली लावायला बाजारचे व्यापारी आलेले, तेही सगळे अप्पांचेच शिष्य. सुंदराबाई नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी.

साहेब पुकारायला उठले, तेवढ्यात अप्पा धोतर खोचून बाहेर आले. हातात पांढऱ्या मातीनं भरलेलं घमेलं.

"सुंदराबाई, तांब्याभर पानी आन."

मठाच्या आडात पाणी होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्या घरचं?" तिनं विचारलं.

"तुझ्या घरचं."

ती गेली. तोवर कुणी जागचं हललं नाही. साहेबसुद्धा उभेच राहिले. ती तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"आत ये," अप्पा म्हणाले.

तिच्या हातातून तांब्या घेऊन त्यांनी पाणी मातीत ओतलं, कालवलं आणि भिंत सारवायला घेतली. आधी तिच्या तीन रेघा. मग शेजारच्या. माती सुकत आली तशी एकेक बाई आपल्या घरचं पाणी घेऊन आत आली. टँकरचं, मापानं मिळालेलं पाणी. अख्खी भिंत पांढरी व्हायला ऊन डोक्यावर आलं.

"साहेब, आता पुकारा," अप्पा म्हणाले.

साहेबांनी सुंदराबाईचं रान पुकारलं. व्यापारी भिंतीकडं बघत होते. साहेबांनी पुन्हा पुकारलं, थांबले, आणखी एकदा पुकारलं. मग बाकीचीही सगळी रानं पुकारली. कुणी तोंड उघडलं नाही.

"माफ करायचा अधिकार मला नाही," साहेब कागद आवरत म्हणाले. "बोली आली नाही, एवढं लिहायचा आहे."

माणसं पांगली. फादर जीपमध्ये येऊन बसले. गुरुजी येतायत का बघायला मी आत डोकावलो. अप्पा पायरीवर बसले होते. सकाळपासून तोंडात काही नव्हतं, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. सुंदराबाईचा तांब्या शेजारी होता आणि तळाशी घोटभर पाणी राहिलं होतं.

अप्पांनी तो उचलला आणि ओठाला लावला.

गुरुजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सुंदराबाई पाणी संपेपर्यंत थांबली. मग तिनं हात पुढं केला.

"तांब्या द्या अप्पा. घरात एवढाच हाय."